जंतूंच्या पोथ्यांतील क्षेपक

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली, हें आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. १९१९ सालीं आरंभिलेलें तें काम १९६६ सालीं पुरें झालें. त्यासाठीं पंडितांनीं बाराशेंहून अधिक हस्तलिखितें एकमेकांशीं ताडून पाहिलीं. या विद्येंतील एक तत्त्व समजण्यास अगदीं सोपें आहे. पोथी उतरून घेतांना लेखकाच्या हातून चूक होते. पुढें जो त्या पोथीवरून नक्कल करतो, तो ती चूकही इमानानें उतरून घेतो. म्हणून दोन पोथ्यांत एकच विचित्र चूक आढळली, तर त्या दोन्ही एकाच कुळांतल्या असाव्यात असें अनुमान निघतें. पोथी काश्मीरांत सांपडो कीं मलबारांत, तिचें कुळ तिच्या चुकाच सांगतात.

श्रोतेहो, आज मी ज्या पोथ्यांविषयीं बोलणार आहें, त्या मात्र डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंच्या आहेत. प्रत्येक जंतूच्या शरीरांत डीएनए नांवाचा एक लांबच लांब धागा असतो. अवघ्या चार अक्षरांच्या लिपींत त्या जंतूचें सारें जीवनकर्म त्यावर लिहिलेलें असतें. आपल्या आंतड्यांत राहणाऱ्या ई. कोलाय या जंतूची पोथी सुमारें पन्नास लक्ष अक्षरांची भरते. एका जंतूचे दोन होतात तेव्हां या पोथीची नक्कल होते, आणि क्वचित् एखादें अक्षर चुकतें. ही सबंध पोथी यंत्राच्या साहाय्यानें वाचण्याची विद्या आतां इतकी स्वस्त आणि जलद झाली आहे कीं, रुग्णाच्या रक्तांतील, गोठ्यांतील शेणांतील आणि नदीच्या पाण्यांतील जंतूंच्या पोथ्या एकमेकींशेजारीं ठेवून त्यांचे पाठभेद मोजतां येतात. भेद थोडे, तर नातें जवळचें; भेद फार, तर नातें दूरचें.

परंतु जंतूंच्या पोथींत आणखी एक चमत्कार आहे. मुख्य ग्रंथाखेरीज कित्येक जंतु कांहीं सुटीं पानें जवळ बाळगतात. शास्त्रज्ञ त्यांस प्लाझ्मिड म्हणतात. एक जंतु दुसऱ्यास चिकटला कीं या पानाची नक्कल तो त्यास देऊं शकतो. आणि दुसरा आपल्याच जातीचा असला पाहिजे, असा त्याचा आग्रह नसतो! औषधाला दाद न देण्याची कला पुष्कळदां अशाच पानावर लिहिलेली असते. म्हणून नुसत्या जंतूचा माग काढून भागत नाहीं. पोथ्यांतून पोथ्यांत शिरणाऱ्या या क्षेपकाचाही माग काढावा लागतो. तो कसा काढतात, हें एका खऱ्या उदाहरणावरून पाहूं.

कोलिस्टिन हें औषध १९५० च्या सुमारास जपानांत मातींतील एका जंतूपासून मिळालें. त्यानें मूत्रपिंडांस अपाय होतो असें दिसून आल्यामुळें पुढें डॉक्टरांनीं तें बहुतेक बाजूस सारलें. परंतु नवीं नवीं औषधें जंतूंपुढें निष्प्रभ ठरूं लागलीं, तेव्हां हेंच जुनें शस्त्र भात्यांतून पुन्हा बाहेर काढावें लागलें. जेथें दुसरें कांहींच चालत नाहीं, तेथें अखेरचा उपाय म्हणून तें देऊं लागले. आणि त्याच काळीं चीनमध्यें हेंच औषध डुकरांच्या व कोंबड्यांच्या खाद्यांत मिसळलें जात होतें. आजार बरा व्हावा म्हणूनच नव्हे, तर जनावरांचें वजन लवकर वाढावें म्हणून!

जुलै २०१३ मध्यें शांघाय येथील एका डुकराच्या अंगीं ई. कोलायचा एक जंतु सांपडला. कोलिस्टिनला तो जुमानीत नव्हता. असे जंतु पूर्वीं आढळत नसत असें नाहीं. पण त्यांची ती कला मुख्य पोथींतील फेरफारामुळें आलेली असे, ती शेजाऱ्यास देतां येत नसे. या जंतूची कला मात्र सुट्या पानावर होती. चौसष्ट हजार अक्षरांच्या त्या पानावर १,६२६ अक्षरांचें एक प्रकरण होतें. त्यास एमसीआर-१ असें नांव मिळालें. कोलिस्टिनवर धन विद्युद्भार असतो, जंतूच्या बाह्य आवरणावर ऋण. त्या ओढीनें औषध आवरणास चिकटतें व तें फोडतें. एमसीआर-१ हें प्रकरण जंतूस त्या आवरणावर असें कांहीं जोडावयास शिकवितें कीं, त्याचा ऋण भार घटतो आणि औषधाची पकड सुटते.

चिनी शास्त्रज्ञांनीं हा वृत्तांत नोव्हेंबर २०१५ मध्यें प्रसिद्ध केला. तोंवर त्यांनीं कत्तलखान्यांतील ८०४ जनावरांचे, ५२३ कच्च्या मांसाचे आणि १,३२२ रुग्णांचे नमुने तपासले होते. त्यांत एमसीआर-१ अनुक्रमें १६६, ७८ आणि १६ नमुन्यांत आढळलें. गोठा, खाटकाचें दुकान आणि रुग्णालय हीं तिन्ही स्थळें एका धाग्यांत ओंवलीं गेलीं.

यानंतरची हकीकत या विद्येचें सामर्थ्य उत्तम दाखविते. डेन्मार्कमध्यें सुमारें तीन हजार जंतूंच्या पोथ्या वाचून जपून ठेवलेल्या होत्या. चीनची वार्ता येतांच तेथील शास्त्रज्ञांनीं नवा नमुना गोळा न करतां त्या संग्रहांतच तीं अक्षरें शोधलीं. थोड्याच आठवड्यांत उत्तर मिळालें: २०१५ सालच्या एका रुग्णाच्या रक्तांतील जंतूंत आणि २०१२ ते २०१४ या काळांत परदेशांतून आणलेल्या कोंबडीच्या मांसावरील पांच जंतूंत एमसीआर-१ होतें. चोर घरांत शिरून तीन वर्षें झालीं होतीं, त्याचें नांव तेवढें आतां कळलें! पुढें स्वित्झर्लंडमध्यें नदीच्या पाण्यांत आणि बाहेरून आणलेल्या भाजीपाल्यावरही तें आढळलें.

मग हें क्षेपक मुळांत कोठें व केव्हां लिहिलें गेलें? २०१८ सालीं एकतीस देशांतील ४५७ जंतूंच्या पोथ्या ताडून पाहण्यांत आल्या. एमसीआर-१ च्या लगतचा मजकूर आणि त्यांत सांठलेले अक्षरभेद यांवरून असें अनुमान निघालें कीं, हें प्रकरण सुट्या पानावर चढण्याची घटना बहुधा एकदांच, २००५ च्या आसपास घडली, आणि तिचें मूळ चीनमधील पशुपालनांत असावें. त्यास उचलून नेणारी जी उडती अक्षरमाला शेजारीं सांपडली, ती पूर्वीं डुकरांच्या फुप्फुसरोगाच्या एका जंतूंत ओळखली गेली होती, हें येथें सूचक आहे.

येथें एक सावधगिरी सांगणें अवश्य आहे. एकच प्रकरण डुकरांत आणि माणसांत सांपडलें, म्हणजे डुकरानेंच तें माणसास दिलें असें तेवढ्यावरून सिद्ध होत नाहीं. माणसाकडून जनावराकडेही वाट असते. नमुना कोठला, कोणत्या दिवशींचा, पाठभेद किती, हें सर्व जुळवावें तेव्हां कोठें दिशा कळते. आणि जेथील नमुना घेतलाच नाहीं, तेथील पोथी कोणीही वाचूं शकत नाहीं. म्हणून माणसांचे डॉक्टर, जनावरांचे डॉक्टर आणि पाण्याची परीक्षा करणारे यांनीं आपापल्या वह्या वेगळ्या न ठेवतां एकत्र मांडणें, हेंच या कामाचें मर्म आहे.

पण माग काढून फळ काय? त्याचेंही उत्तर मिळालें आहे. वजन वाढविण्यासाठीं खाद्यांत कोलिस्टिन घालण्यास चीननें ३० एप्रिल २०१७ पासून बंदी केली. कोलिस्टिनमिश्रित खाद्यचूर्णाचें उत्पादन २०१५ सालीं २७,१७० टन होतें, तें २०१८ सालीं २,४९७ टनांवर आलें. डुकरांतील कोलिस्टिनला न जुमानणाऱ्या ई. कोलायचें प्रमाण दोन-तीन वर्षांत शेंकडा ३४ वरून शेंकडा ५ वर उतरलें. ग्वांगझौ शहरांत एमसीआर-१ असलेले जंतु आंतड्यांत बाळगणाऱ्या माणसांचें प्रमाणही २०१६ सालीं शेंकडा १४.३ होतें, तें २०१९ सालीं ६.३ झालें. नामशेष तें झालें नाहीं. परंतु गोठ्यांतला हात आंवरतांच माणसांतलें ओझें हलकें झालें. आपल्या देशांतही जुलै २०१९ मध्यें अन्नासाठीं पाळल्या जाणाऱ्या जनावरांस कोलिस्टिन देण्यास बंदी झाली.

श्रोतेहो, आपण घरीं बसून जंतूंच्या पोथ्या वाचूं शकत नाहीं. पण त्या लिहिल्या जातात त्यांत आपलाही हात असतो. साध्या पडशावर कोणाची उरलेली गोळी घेणें, उरलेलें औषध मोरींत ओतणें, दुकानदाराच्या सांगण्यावरून जंतुघ्न औषध आणणें, या प्रत्येक वेळीं औषधाला भिणारे जंतु मरतात आणि न भिणाऱ्यांस मोकळें रान मिळतें. मग त्यांचेंच तें पान पुढें वाटलें जातें. आणि आपल्या मोरींतून निघालेलें पाणी कोणाच्या तरी विहिरीपर्यंत पोंचतें. क्षेपक घालणें सोपें. तें पोथ्यांतून काढून टाकण्यास पंडितांच्या पिढ्या लागतात. जंतूंच्या पोथ्यांतून तें काढणारा पंडित तर कोणीच नाहीं. तें घातलें जाऊं नये, एवढेंच आपल्या हातीं आहे.