अश्वारोहण-शिक्षण

घोड्यावर तोल सांभाळून बसण्याचे, त्यास इष्ट दिशेने व गतीने चालविण्याचे आणि त्याची निगा राखण्याचे क्रमबद्ध शिक्षण. या शिक्षणात विद्यार्थ्याच्या चुकीची झळ प्रथम घोड्यास लागते. तोल जाऊ लागताच नवशिका लगामाला लोंबकळला, तर कडियाळ्याचा सर्व ताण घोड्याच्या जिभेवर व हिरड्यांवर येतो; तो खोगिरात वारंवार आदळला, तर घोड्याची पाठ दुखावते. अशा घोड्याचे तोंड कालांतराने बधिर होते किंवा तो उधळू लागतो. म्हणून लगामाच्या आधारावाचून टिकणारी मांड हे या शिक्षणाचे पहिले उद्दिष्ट होय.

इतिहास : ग्रीक लेखक झेनोफन (सु. इ. स. पू. ४३०–३५४) याने अश्वारोहणावर लिहिलेला ग्रंथ उपलब्ध आहे. घोड्याशी रागाच्या भरात वागू नये, असे त्याचे प्रतिपादन आहे. त्या काळी रिकीब नव्हती. चीनमध्ये ती इ. स. चौथ्या शतकापर्यंत प्रचारात आली व पुढे यूरोपात पोहोचली. प्रबोधनकाळात इटलीत अश्वारोहणाच्या शाळा भरभराटीस आल्या. नेपल्सच्या फेदेरीको ग्रीझोने याच्या १५५० मधील ग्रंथात कठोर शिक्षेवर भर होता. याउलट फ्रान्समधील आंत्वान द प्ल्यूव्हिनेल (१५५५–१६२०) याने तेराव्या लुईस शिकविताना सौम्य पद्धतीचा पुरस्कार केला. ला गेरिन्येअर (१६८८–१७५१) याने हीच परंपरा शास्त्रशुद्ध केली. व्हिएन्ना येथील स्पॅनिश अश्वारोहण विद्यालयात ती आजही पाळली जाते. तेथे नव्या उमेदवारास प्रारंभी दीर्घकाळ लगाम व रिकिबी यांवाचून घोड्यावर बसवितात. अडथळ्यांवरून उडी घेताना स्वाराने मागे न रेलता घोड्याच्या हालचालीबरोबर पुढे झुकावे, हे तत्त्व इटालियन सेनाधिकारी फेदेरीको काप्रिल्ली (१८६८–१९०७) याने रूढ केले.

शिक्षणक्रम : आरंभ जमिनीवरच होतो. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्याने त्यास ऐन मागचे दिसत नाही. म्हणून विद्यार्थ्याने आवाज देत डाव्या खांद्याच्या बाजूने त्याच्याजवळ जावे लागते. कान पुढे टवकारलेले असणे हे कुतूहलाचे, तर ते मागे दाबलेले असणे हे रागाचे लक्षण होय. खरारा करणे, खूर साफ करणे, खोगीर चढविणे व तंग आवळणे ही कामेही शिकविली जातात. खोगिराखाली राहिलेला एखादा खडा वा काटाही घोड्यास बिथरविण्यास पुरेसा असतो. हनुवटीखाली पट्टा असलेले शिरस्त्राण आणि पाय रिकिबीत आरपार जाऊ नये म्हणून टाच असलेले बूट आवश्यक असतात.

पहिल्या धड्यांसाठी शांत व अनुभवी घोडा निवडतात. शिक्षक त्यास लांब दोरीने वर्तुळाकार फिरवितो; यालाच कावा देणे असे म्हणतात. घोड्याचे नियंत्रण शिक्षकाकडे असल्याने विद्यार्थ्यास केवळ बैठकीकडे लक्ष देता येते. कान, खांदा, कंबर व टाच एका उभ्या रेषेत असावीत आणि गुडघे आवळलेले नसावेत, असा दंडक आहे. भीतीने अंग ताठरले, की स्वार अधिकच उसळतो व त्यामुळे घोडाही अस्वस्थ होतो. हे चक्र तोडणे ही शिक्षकाची खरी कसोटी असते. साध्या चालीत चार ठेके असतात. दुडक्या चालीत समोरासमोरच्या कोनांतील पाय (उदा., पुढचा उजवा व मागचा डावा) एकदम पडत असल्याने दोनच ठेके येतात. त्यांच्या तालावर खोगिरातून हलके उठणे व बसणे साधेपर्यंत बहुतेकांना बराच सराव करावा लागतो. त्यानंतर तीन ठेक्यांची मंद धाव, चौखूर दौड व अडथळ्यांवरील उड्या अशा पायऱ्या येतात.

घोड्यास सूचना देण्याची साधने चार : शरीराचा भार, पाय, हात व आवाज. घोड्याने आज्ञा पाळताच पायाचा वा लगामाचा दाब तत्क्षणी सैल करणे महत्त्वाचे असते, कारण दाब सुटणे हेच त्याचे बक्षीस होय. दाब तसाच ठेवल्यास आज्ञा पाळण्याचे प्रयोजनच त्यास उरत नाही.

प्रसार : दीर्घकाळ हे शिक्षण मुख्यतः लष्करापुरते व सरदार घराण्यांपुरते मर्यादित होते. ऑलिंपिकमधील अश्वारोहण स्पर्धांतही १९४८ पर्यंत सेनाधिकाऱ्यांचेच वर्चस्व राहिले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना प्रथमच प्रवेश मिळाला आणि पोलिओमुळे गुडघ्याखाली अधू झालेल्या डेन्मार्कच्या लिस हार्टेल हिने रौप्यपदक मिळविले. तिच्या यशामुळे अपंगांसाठी उपचार म्हणून अश्वारोहण शिकविण्यास मोठी चालना मिळाली.

भारतात लष्कराची घोडदळ पथके, राष्ट्रीय छात्रसेनेची अश्वपथके, काही सैनिकी शाळा व नागरी क्लब यांतून हे शिक्षण दिले जाते. महाराष्ट्रात नाशिकची भोसला सैनिकी शाळा व मुंबईतील महालक्ष्मी येथील क्लब हे उल्लेखनीय होत. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धांत रघुबीर सिंग यांनी वैयक्तिक सुवर्णपदक मिळविले. २०२३ मध्ये हांगजो येथे भारतीय संघाने शिस्तबद्ध चालींच्या प्रकारात सुवर्णपदक पटकाविले. स्वाराचे इशारे प्रेक्षकांना जवळजवळ दिसूच नयेत, हा या प्रकाराचा आदर्श होय. लगामावर न विसंबणारी मांड हाच त्याचाही पाया असतो.