तेलाच्या दिव्याची साक्ष

गळिताचा हंगाम सुरू झाला म्हणजे सातारा-सांगलीकडील रस्त्यांवर उसाच्या ट्रॅक्टरांची रीघ लागते. अशा वेळीं तेलाचा तांबडा दिवा लागला, तर ड्रायव्हर "सेन्सर गेला असेल" म्हणून गाडी पुढें हांकतो. हा तर्क कधीं खरा असतो. पण खोटा ठरल्यास बेअरिंगें थोड्याच वेळांत जळतात, क्रँकशाफ्टला ओरखडे पडतात आणि ऐन गळितांत इंजिन उतरवावें लागतें. १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली, तेव्हांपासून या मुलुखाला लोखंडाचें काम परकें नाहीं. सबब पुढील परीक्षा शेतकरी बंधूंनीं स्वतः करून पाहावी.

ट्रॅक्टर व जुन्या जीपगाड्या यांत हा सेन्सर बहुधा एका वायरीचा साधा स्विच असतो. दाब नसतां तो वायर इंजिनाच्या अंगाला जोडतो व दिवा लागतो; दाब चढला कीं जोड तुटून दिवा विझतो. म्हणून किल्ली फिरवितांच, इंजिन सुरू होण्यापूर्वीं, दिवा लागलाच पाहिजे. तो लागत नसेल तर तो दोष आम्ही अधिक वाईट समजतों. कारण पुढें दाब खरोखर उतरला तरी सांगणारें कोणी उरत नाहीं.

चालत्या इंजिनावर दिवा लागल्यास इंजिन तत्काळ बंद करावें व सपाट जागीं डिपस्टिक पाहावी. चढावर किंवा वळणावरच दिवा लुकलुकत असेल तर बहुधा तेल कमी असतें. तेल पुरेसें असेल तर स्विचची वायर काढून, ती कोठें टेकूं न देतां, नुसती किल्ली फिरवावी. दिवा तरीही लागला, तर वायर खरचटून पत्र्याला टेकली आहे. दिवा लागला नाहीं, तर पुष्कळ मिस्त्री लगेच नवा स्विच बसवितात. ही घाई होय. दाब खरोखर उतरलेला असला तरी वायर काढल्यावर दिवा लागणार नाहींच.

निकाल देतो तो दाबाचा मीटर. स्विच काढून त्याच्या जागीं मीटर बसवावा व इंजिन चालू करावें. कांटा हलला नाहीं तर लगेच बंद करावें. हलला तर इंजिन गरम झाल्यावर मंद व कामाच्या गतीस दाब पाहून तो पुस्तिकेंतील आंकड्याशीं ताडावा. साध्या स्विचचा दिवा पुष्कळदां दर चौरस इंचास ५ ते १० पौंडांच्या आसपासच विझतो. तेव्हां दिवा विझला एवढ्यावरून दाब पुरेसा आहे असें समजूं नये. मीटरवर दाब बरोबर असेल व वायरही शाबूत असेल, तरच स्विच बदलावा.

नव्या मोटारींतील तीन तारांचा सेन्सर निराळा. तो बहुधा ५ व्होल्टांवर चालतो. त्याच्या तारा पत्र्याला लावून पाहूं नयेत, कंट्रोल युनिट बिघडण्याची भीति असते. गाडी धुतल्यानंतर दिवा लागूं लागला असेल, तर मीटर शोधण्यापूर्वीं तारांचा जोड काढून वाळवावा.