पारखून घ्यावी स्वाक्षरी

बँकेत काम करणाऱ्या माणसाचा आणि स्वाक्षरीचा संबंध रोजचाच. धनादेशावरील सही नमुना स्वाक्षरीशी ताडून पाहिल्याखेरीज एक रुपयाही द्यायचा नाही, हा आमच्या नोकरीतला पहिला धडा. मात्र धनादेशाबाबत इतके सावध असणारे आपण एखाद्या आवडत्या खेळाडूची सही समोर आली की सारी सावधगिरी विसरतो. भक्तिभावाने हात जोडतो आणि त्याच हाताने पाकीट उघडतो.

आमची शाखा म्हैसूरच्या नजरबाद भागात आहे. चामुंडी विहार क्रीडांगण इथून जवळ. सकाळ-संध्याकाळ खेळाच्या पिशव्या खांद्याला लावलेली मुले रस्त्याने जाताना दिसतात. कसोटी क्रिकेटमध्ये २३६ बळी घेणारे जवागल श्रीनाथ याच शहराचे. अशा गावात क्रिकेटचे वेड असणे स्वाभाविक आणि खेळाडूंच्या सह्या जपून ठेवणारी मंडळी असणेही स्वाभाविक. त्यांपैकीच एक, आमचे जुने ग्राहक, काही महिन्यांपूर्वी शाखेत आले. निवृत्त शिक्षक. घरी मराठी, बाहेर कन्नड. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात.

"साहेब, मुदत ठेव मोडायची आहे," ते म्हणाले.

ती ठेव कशासाठी आहे, हे मला ठाऊक होते. त्यांच्या पत्नीच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी त्यांनी ती राखून ठेवली होती. म्हणून कारण विचारले. गुरुजींनी पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटात जपलेला एक कागद काढला. पिवळट पडलेला, कडा तपकिरी झालेल्या, त्यावर शाईच्या अकरा सह्या आणि वर इंग्रजीत '१९३२, इंग्लंड दौरा' अशी नोंद. एका मध्यस्थाने तो दीड लाखाला देऊ केला होता. पाच हजार रुपये विसार घेऊन दोन दिवस पाहण्यासाठी दिला होता. नातू क्रिकेट शिकतो आहे, त्याला हा ठेवा द्यायचा, असे गुरुजींच्या मनात होते.

दिव्याखालचा कागद

आमच्या रोखपालांकडे नोटा तपासण्याचा अतिनील किरणांचा दिवा असतो. खऱ्या नोटेचा कागद त्या प्रकाशात मंदच राहतो. त्यातले विशिष्ट धागे आणि क्रमांकाची जागा तेवढी उजळते. बाजारातला साधा पांढरा कागद मात्र निळसर-पांढरा झगमगतो, कारण तो अधिक शुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायने घातलेली असतात. कागदात अशी रसायने सर्रास वापरली जाऊ लागली ती साधारण १९५० नंतर.

गुरुजींच्या संमतीने तो कागद दिव्याखाली धरला. कडा मंद राहिल्या, मधला भाग मात्र लख्ख उजळला. कडांचा तपकिरी रंग काळाने आणलेला नव्हता. तो बहुधा चहाच्या पाण्याने आणलेला असावा.

मग सह्या वाचल्या. भारताचा पहिला कसोटी सामना २५ जून १९३२ रोजी लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर सुरू झाला. कर्णधार होते सी. के. नायडू आणि भारताकडून कसोटीतला पहिला चेंडू खेळले ते जनार्दन नवले. या दोघांची नावे कागदावर होती. पण त्यांच्याच खाली विजय मर्चंट यांचीही 'सही' होती. राष्ट्रीय नेते तुरुंगात असताना इंग्लंडला खेळायला जाणे मर्चंट यांना मान्य नव्हते, म्हणून ते त्या दौऱ्यावर गेलेच नाहीत. त्यांचे कसोटी पदार्पण झाले ते १९३३ च्या डिसेंबरात.

गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग कागद पाकिटात घालत म्हणाले, "हा इतिहास मी मुलांना शिकवला असता, तर माझ्या लक्षात आला असता. विकत घेताना नाही आला." ठेव मोडली गेली नाही. कागद परत गेला, विसाराचे पाच हजार मात्र आले नाहीत.

काय पाहावे?

सर्वप्रथम सहीचा वेग पाहावा. माणूस स्वतःची सही करतो तेव्हा हात थांबत नाही. रेघ कुठे जाड, कुठे बारीक होते आणि शेवटी निमुळती होत उचलली जाते. नक्कल करणारा सही लिहीत नाही, ती चितारतो. त्यामुळे रेघ एकसारख्या जाडीची होते, वळणावर थरथर दिसते, भलत्याच ठिकाणी लेखणी उचलल्याच्या खुणा सापडतात. साध्या भिंगातूनही हे कळते.

दुसरी गोष्ट जरा उलटी वाटेल. दोन सह्या तंतोतंत एकसारख्या असतील तर संशय घ्यावा. कोणाच्याही दोन सह्या हुबेहूब जुळत नाहीत, हे नमुना स्वाक्षरी पाहणारा प्रत्येक अधिकारी जाणतो. हुबेहूब जुळतात त्या छापलेल्या, शिक्क्याच्या किंवा यंत्राने केलेल्या. बॅटवर कारखान्यात छापलेली खेळाडूची सही ही तर केवळ जाहिरात असते. भिंगाखाली बारीक ठिपके दिसले, तर ती छपाई समजावी.

तिसरी कसोटी लेखणीची. बॉलपेन बाजारात आले ते १९४० च्या दशकात आणि फेल्ट टोकाचे मार्कर सर्रास वापरात आले त्याहून बऱ्याच नंतर. रणजितसिंहजींचे निधन १९३३ चे. त्यांची बॉलपेनने केलेली सही कोणी दाखवली, तर पुढे बोलण्याची गरजच नाही. तिरप्या प्रकाशात कागद धरला की बॉलपेनने पडलेली खोलगट रेघ सहज दिसते.

चौथी कसोटी प्रसंगाची. १९८३ चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघात १४ खेळाडू होते. त्या संघाच्या सह्यांची बॅट घेताना नावे मोजावीत, जुळवून पाहावीत. शिवाय खेळाडूची सही वयाबरोबर बदलते. सुरुवातीला पूर्ण नाव लिहिणारा पुढे हजारो सह्या करून दोन-तीन फटकाऱ्यांवर येतो. म्हणून त्याच काळातील खात्रीच्या सह्यांशीच तुलना करावी.

मात्र एक लक्षात ठेवावे. या कसोट्यांनी खोटे उघडे पडते, खरे सिद्ध होत नाही. जुन्या वहीचे कोरे पान मिळवून त्यावर आज सही करणारेही असतात. कागद जुना, म्हणून सही खरी, असे नव्हे.

प्रमाणपत्राचा मोह

'सोबत प्रमाणपत्र आहे' या शब्दांवर अनेकजण विसंबतात. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या एफबीआयने खेळाडूंच्या बनावट सह्यांची एक मोठी टोळी शोधून काढली. 'ऑपरेशन बुलपेन' या नावाने ती मोहीम ओळखली जाते. त्या मालात चक्क मदर तेरेसांच्या 'सही'चे बेसबॉल चेंडूही निघाले! असा माल खोट्या प्रमाणपत्रांसह विकला जात असे. जो सही बनवू शकतो, त्याला प्रमाणपत्र छापणे काय कठीण? विक्रेत्यानेच स्वतःच्या मालाला दिलेले प्रमाणपत्र म्हणजे कर्जदाराने स्वतःच स्वतःला जामीन राहण्यासारखे आहे. प्रमाणपत्र देणारा कोण, तो विक्रेत्यापासून स्वतंत्र आहे का, त्याच्याकडे नोंद पडताळता येते का, हे विचारावे. सही कधी, कुठे, कोणासमोर झाली आणि वस्तू कोणाकोणाच्या हातून आली, याची अखंड साखळी मिळाली तर उत्तम.

व्यवहार बँकेमार्फतच

रोखीने पैसे देऊ नयेत. रक्कम बँक खात्यातूनच द्यावी. पावतीवर वस्तूचे पूर्ण वर्णन आणि 'बनावट आढळल्यास रक्कम परत' अशी अट लिहून घ्यावी. विसारासाठीही हाच नियम. 'आजच घ्या, उद्या दुसरा नेईल' अशी घाई कोणी करू लागला, तर तिथेच थांबावे. तरीही फसगत झालीच, तर गप्प बसू नये. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आणि ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी १९३०. फसवणूक आणि बनावट दस्तऐवज हे भारतीय न्याय संहितेच्या अनुक्रमे ३१८ व ३३६ या कलमांखाली गुन्हे आहेत.

आणि सर्वांत महत्त्वाचे, छंदासाठी औषधपाण्याची वा शिक्षणाची ठेव मोडू नये. संग्रहाच्या वस्तूला हमीचे व्याज नसते आणि गरजेच्या दिवशी गिऱ्हाईक मिळेलच असेही नाही.

गुरुजींच्या पत्नीची शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली. परवा ते नातवाला घेऊन खात्यात पैसे भरायला आले होते. नातवाच्या हातात एक कोरी वही होती. चामुंडी विहारला सामने पाहायला जाताना तो ती बरोबर नेतो आणि खेळाडूंना भेटून त्यांची सही स्वतः घेतो. पहिल्या पानावर त्याच्या प्रशिक्षकांची सही आहे. तिची बाजारात किंमत काही नाही, पण ती खरी आहे, हे सांगायला त्याला कोणाच्या प्रमाणपत्राची गरज नाही.