अर्ध्या वाटेतली सोबत

आमच्या अक्कानं आयुष्यात कुणाकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. ३६ वर्षं तिनं पुण्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवला. नवरा अकाली गेल्यावर दोन्ही मुलांची शिक्षणं एकटीनं पार पाडली. सत्तरी ओलांडल्यावर डोळ्यांनी दगा दिला, तेव्हाही तिचा ताठा तसाच राहिला. डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागाची, मॅक्युलाची, झीज झाली आहे असं डॉक्टरांनी सांगितलं. या दुखण्यात कडेकडेचं दिसत राहतं, पण ज्याच्याकडे रोखून बघावं नेमकं तेच नाहीसं होतं. "समोरच्याचे कान दिसतात रे, नाक मात्र शोधावं लागतं," असं ती सांगते आणि स्वतःच हसते.

तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, बंगळुरात असतो. बिनतारी उपकरणांच्या चिप्स बनवणं हा त्याचा उद्योग. गेल्या पावसाळ्यात त्यानं आईसाठी कॅमेऱ्याचा चष्मा पाठवला. दिसायला साधा काळा चष्मा, पण कोपऱ्यात मसुराच्या डाळीएवढा कॅमेरा आणि काड्यांमध्ये इवलेसे कर्णे. खिशातल्या फोनशी तो हवेतूनच बोलतो. समोर धरलेल्या औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय असं विचारलं, की चष्म्यातली बाई इंग्रजीतून वाचून दाखवते. पहिल्या आठवड्यात अक्कानं घरातल्या सगळ्या बरण्या, बिलं आणि शेजाऱ्यांच्या दारावरच्या पाट्या वाचून काढल्या. मी गेलो तर मलाच माझ्या शर्टाचा रंग सांगितला!

मग तो दिवस आला. अक्का सदाशिव पेठेतून मंडईत गेली. एकटीनं जायचं म्हणून नाशिकच्या लेकीला तिनं चष्म्यातूनच व्हिडिओ कॉल लावला होता. लेक नाशकात बसून आईच्या डोळ्यांपुढचा रस्ता बघत होती. भाजी घेऊन झाली, अक्का बसथांब्यावर येऊन उभी राहिली आणि चष्मा मुका झाला. चार्जिंग संपलं होतं. एक बस आली, गेली. दुसरी गेली. तिसरीही गेली. नंबर दिसत नव्हता आणि विचारायला जीभ रेटत नव्हती. अखेर कॉलेजातल्या एका मुलीनं आपण होऊन विचारलं, "आजी, कुठली बस हवीय?"

घरी आल्यावर अक्कानं चष्मा कपाटात ठेवला आणि मला फोन केला. "बाळू, अर्ध्या वाटेत सोडून जाणारी सोबत मला नको. त्यापेक्षा मी घरात बरी."

त्या शेवटच्या वाक्यानं मला रात्रभर झोप लागली नाही. अक्का 'घरात बरी' म्हणते म्हणजे काय, हे मी जाणतो. माणूस म्हातारपणी असाच एकेक उंबरठा आत घेत जातो.

दिवाळीत भाचा आला. मी त्याला फराळाच्या ताटावरच धरलं. "पाच हजार मिलिअँपिअर-अवरची बॅटरी फोनमध्ये मावते, मग आईच्या चष्म्यात का नाही रे?"

"मामा, फोन खिशात राहतो, चष्मा नाकावर," तो म्हणाला. "पन्नास ग्रॅमच्या पलीकडे गेला की नाक कुरकुरतं. काडीत मावते ती बॅटरी दीडशे ते अडीचशेची. शिवाय ती कानशिलाला चिकटून. जास्त वीज खेळवली तर चटके बसतील."

मी जुना बँकवाला. आकडे दिसले की बोटं वळवळतात. दीडशे मिलिअँपिअर-अवरला ३.७ व्होल्टनं गुणलं, तर जेमतेम अर्धा वॉट-तास. म्हणजे शिल्लक ही एवढी. कॅमेरा, चित्र आकसणारी चिप आणि वाय-फाय यांनी मिळून एक वॉट खायला सुरुवात केली, तर अर्ध्या तासात खातं साफ. अक्का नेमकी तेवढाच वेळ लेकीशी बोलत चालली होती. चष्म्यानं दगा दिला नव्हता, खर्चच शिलकेपेक्षा जास्त होता.

आता खर्चाची बाजू बघा. व्हिडिओच्या एका चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. प्रत्येकाच्या रंगासाठी तीन बाइट. सेकंदाला अशी ३० चित्रं. गुणाकार केला तर सेकंदाला साडेअठरा कोटी बाइटांहून जास्त माल! एवढा माल हवेतून पाठवणं अशक्यच. म्हणून तो आधी आकसावा लागतो. २००३ साली ठरलेली 'एच.२६४' ही आकसण्याची पद्धत आजही जगभर चालते. तिची युक्ती कादंबरीकाराला पटकन समजते. एकदा खोलीचं वर्णन केलं, की पुढच्या प्रत्येक परिच्छेदात आपण खुर्च्या-टेबलं मोजत बसत नाही. फक्त काय हललं तेवढं लिहितो. इथंही तेच. एक चित्र पूर्ण पाठवायचं आणि पुढच्या चित्रांत बदललं तेवढंच. पण अक्का चालू लागली की तिची मान हलते आणि मान हलली की सगळी खोलीच हलते! मग आकसणंही महाग पडतं.

"पण यात खरा खर्च कुठला माहीत आहे, मामा?" भाच्यानं विचारलं. "बोलण्याचा म्हणाल तुम्ही. ऐकण्याचाही तेवढाच असतो."

हे मला नवीन होतं. रेडिओला बोलायला वीज लागते हे कुणालाही पटेल. पण नुसतं कान देऊन बसायलाही जवळपास तितकीच लागते. "काही निरोप आहे का?" म्हणून दिवसभर कान टवकारून बसणारा चष्मा एक शब्दही न बोलता दमून जातो.

यावरचा तोडगा नोकियाच्या लोकांनी शोधला. २००६ साली त्यांनी 'वायब्री' नावाची कमी विजेची बिनतारी पद्धत जाहीर केली. २०१० मध्ये ती ब्लूटूथच्या चौथ्या आवृत्तीत सामावली गेली. ब्लूटूथ हे नाव दहाव्या शतकातल्या हॅराल्ड या डॅनिश राजाच्या टोपणनावावरून आलं. त्यानं विखुरलेली माणसं जोडली, म्हणून. पण या नव्या पद्धतीचं मर्म जोडण्यात नाही, झोपण्यात आहे. चष्मा आणि फोन दोघं भेटीची वेळ ठरवतात आणि मधल्या वेळात रेडिओ चक्क झोपवून टाकतात. दोन भेटींमधलं अंतर सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी ठेवता येतं, तसंच चार सेकंदांपर्यंत ताणताही येतं. सांगण्यासारखं काही नसलं तर चष्म्याला काही भेटी चुकवायचीही मुभा असते.

यात एक गंमत आहे. दोघांची घड्याळं थोडी मागेपुढे होतात. म्हणून चष्म्याला ठरल्या वेळेच्या किंचित आधी उठून कान उघडावे लागतात. एस.टी. चुकू नये म्हणून आपण दहा मिनिटं आधी स्टँडवर जाऊन उभे राहतो, तसंच हे. घड्याळ जितकं चोख, तितकं हे ताटकळणं कमी आणि वीज शिल्लक.

मात्र या पद्धतीतून जाणारा माल थोडा. सेकंदाला दहा-वीस लाख बिट, तेही कागदावर. आकसलेला चांगला व्हिडिओसुद्धा पन्नास लाखांच्या पुढे जातो. तिथं वाय-फायच हवं. इथं दुसरी मेख कळली. वाय-फाय दर सेकंदाला वीज जास्त खातं हे खरं, पण काम इतक्या झपाट्यानं उरकतं, की दर बिटामागचा खर्च कमी पडतो. सायकलवरून शंभर खेपा घालण्यापेक्षा एक ट्रक स्वस्त. फक्त ट्रक रिकामा झाल्याबरोबर इंजिन बंद केलं पाहिजे. इंजिन चालू ठेवून ड्रायव्हर चहाला गेला, की सगळा फायदा धुरात.

म्हणून शहाणी उपकरणं दोन्ही ठेवतात. ब्लूटूथ हा रात्रीचा रखवालदार आणि वाय-फाय हे मॅनेजरसाहेब. रखवालदार अर्धवट जागा असतो. मोठा माल आला की तो साहेबांना उठवतो, काम झालं की साहेब पुन्हा झोपतात.

मला आमच्या शाखेतलं क्लिअरिंग आठवलं. आलेला प्रत्येक चेक घेऊन शिपाई धावत सुटला असता, तर त्याच्या चपला महिन्याला झिजल्या असत्या. आम्ही चेक साठवायचो, ठरल्या वेळी यादी करायचो आणि एकच गठ्ठा पाठवायचो. घरीही तेच. रात्री अकरानंतर एस.टी.डी.चा दर उतरला की मुंबईच्या काकांना फोन. आणि पुढे मोबाइल आले तेव्हा 'पोचलो' हे सांगायला एक पैसा न मोडणारा मिस्ड कॉल! आमच्या पिढीला हे शास्त्र कुणी शिकवलं नव्हतं, पगारानं शिकवलं.

अंगावरच्या कॅमेऱ्यांच्या इतिहासातही बोलके आणि मितभाषी असे दोन्ही नमुने सापडतात. अमेरिकेतल्या एम.आय.टी.मध्ये स्टीव्ह मान यांनी १९९४ पासून डोक्यावरच्या कॅमेऱ्यातून दिसेल ते बिनतारी मार्गानं थेट इंटरनेटवर पाठवायला सुरुवात केली. त्यासाठी अँटेना आणि बॅटऱ्या अंगावर वागवल्या. याउलट मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिजमधल्या प्रयोगशाळेत पुढच्या दशकात 'सेन्सकॅम' बनला. गळ्यात अडकवायचा हा कॅमेरा उजेड बदलला, किंवा समोर माणसाच्या अंगची ऊब जाणवली, की आपण होऊन फोटो काढी. दिवसभर कुणाशी बोलत नसे. संध्याकाळी तारेनं संगणकाला जोडला, की सगळं एकदम सांगे. त्याच गावच्या ॲडनब्रुक्स रुग्णालयात स्मृती गमावलेल्या ६३ वर्षांच्या एका बाईंना असे फोटो पुन्हा पुन्हा दाखवले आणि त्यांना आपल्या आयुष्यातले प्रसंग आठवू लागले. तो अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसभर गप्प बसलेल्या कॅमेऱ्यानं एका बाईंना त्यांचे दिवस परत दिले, हे मला फार मोलाचं वाटतं.

हे सगळं ऐकून भाऊबीजेच्या सकाळी आम्ही मामा-भाचे अक्काच्या चष्म्याचं अंदाजपत्रक मांडायला बसलो. पहिलं कलम, अखंड व्हिडिओ बंद. नंबर वाचायचा असेल तर एक स्थिर फोटो पुरतो, तोही लहान करून. पाटीवरची अक्षरं वाचायला सूर्यास्ताच्या देखाव्याची सफाई लागत नाही. दुसरं कलम, साठलेले फोटो रस्त्यात फोनवर पाठवायचे नाहीत. रात्री चष्मा चार्जिंगच्या डबीत ठेवला, की मग खुशाल पाठवावेत. आमचं रात्रीचं क्लिअरिंग.

तिसऱ्या कलमावर भाच्यानं आईला विचारलं, "आई, मंडईतून येताना फोन कुठं होता?"

"पिशवीत."

"पिशवीत कुठं?"

"तळाशी. वर पालकाच्या दोन जुड्या होत्या, काकड्या होत्या. चोराला दिसू नये म्हणून."

भाचा कपाळाला हात लावून हसायला लागला. ब्लूटूथच्या लहरींचं पाण्याशी जमत नाही. पाणी त्या शोषून घेतं. माणसाचं शरीर बहुतांशी पाणी, पालक-काकडी तर विचारूच नका. चष्म्याचा निरोप त्या भाजीतून फोनपर्यंत नीट पोचत नसे. पोच आली नाही की चष्मा तोच निरोप पुन्हा पाठवी. बहिऱ्या माणसाशी ओरडून बोलताना घसा बसतो, तशी बॅटरी बसायची. शेवटी फोनसाठी गळ्यात अडकवायची कापडी पिशवी शिवून घेतली. ती छातीवर, चष्म्याच्या बाजूला. मधे ना भाजी, ना पाठ.

"आणि लेकीशी गप्पा?" अक्कानं विचारलं.

"त्या घरी बसून फोनवर. रस्त्यात चष्मा फक्त विचारलं तर बोलेल. रस्ता ओलांडायला मात्र काठी आणि कानच वापरायचे, चष्म्यावर विसंबायचं नाही."

अक्का थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे त्याला शाळेतल्यासारखं शिकवायचं. विचारल्याशिवाय बोलू नकोस."

पुढच्या रविवारी ती पुन्हा मंडईत निघाली. "कुणी मागं यायचं नाही," अशी ताकीद होती. भाचा बंगळुरास परतला होता. मी मात्र छत्री घेऊन पन्नास पावलांवरून निघालोच. तिनं गाळ्यावर थांबून भाव विचारले, पैसे मोजून दिले, कुणाला काही विचारलं नाही. परतताना थांब्यावर आली. मी एका केळीवाल्याच्या हातगाडीआड उभा राहिलो. बस आली. अक्कानं मान वर केली, हळूच काहीतरी पुटपुटली, एक क्षण ऐकलं आणि बस जाऊ दिली. आपली नव्हती. दुसरी आली, तीही नाही. मग ती सावकाश मागं वळली. पुन्हा पुटपुटली, पुन्हा ऐकलं, आणि मोठ्यांदा हाक मारली.

"बाळू, ये पुढं. केळीच्या गाडीमागं पांढऱ्या केसांचा माणूस छत्री घेऊन उभा आहे म्हणतोय हा."

मी ओशाळून पुढं झालो. तेवढ्यात आमची बस आली. नंबर मी वाचला नाही, तिनंच चष्म्याकडून वाचवून घेतला आणि माझा हात धरून मला आत चढवलं.

घरी पोचल्यावर फोनमध्ये बघितलं. चष्म्यात निम्म्याहून जास्त चार्जिंग शिल्लक होतं.

"उरलं की रे बरंच," अक्का म्हणाली. "उद्या वाचनालयात जाऊन येते."