यकृताची गोष्ट – भाग ६ : पितळी पातेल्यातले दूध

महाड-पोलादपूरकडच्या जुन्या घरांत माळ्यावर अजून एखादे पितळी पातेले सापडते. काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले नाव, बाहेरून काजळी, आत कल्हई. डाव जिथे सारखा फिरतो तिथली कल्हई आधी झिजते आणि पिवळे पितळ उघडे पडते. अशा भांड्यात ताक ठेवायचे नाही, कळकते, हे घरातल्या पोरीसोरींनाही ठाऊक असे. दुधाची शंका मात्र कुणाला आली नाही. दूध आंबट थोडेच असते!

मागच्या आठवड्यात मोठ्यांचे यकृत पाहिले. आज दूधपित्यांचे.

दीड-दोन वर्षांचे मूल किरकिरे होते, पोट फुगते. बरगडीखाली चाचपले तर यकृत टणक आणि धारदार कडेचे लागते. एकदा कावीळ उमटली की पुढे बहुधा काही महिनेच. कलकत्त्याचे डॉ. सेन यांनी १८८७मध्ये या आजाराचे वर्णन केले, आणि पुढची जवळजवळ शंभर वर्षे तो भारतातल्या घराघरांतून मुले नेत राहिला. कधी आहाराला दोष दिला गेला, कधी विषाणूला, कधी आनुवंशिकतेला. वैद्यकाच्या पुस्तकात त्याला नावही देशाचेच मिळाले : इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस.

१९७०च्या दशकाच्या अखेरीस धागा हाती लागला. या मुलांच्या यकृताचे तुकडे ऑर्सिन नावाच्या रंगाने रंगवले, तेव्हा पेशींत तपकिरी कण दिसले. ते तांब्याच्या साठ्याचे होते, आणि साठा प्रचंड होता.

तांबे आले कुठून? महाडहून वरंधा घाट चढून भोरमार्गे पुण्यात शिरले की रास्ता पेठेत केईएम रुग्णालय आहे. तिथले डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी आयांना अगदी घरगुती प्रश्न विचारले. वरचे दूध कधी सुरू केले? कशात तापवले, कशात ठेवले? आजारी मुलांना गाई-म्हशीचे दूध लवकर सुरू झाले होते, आणि तेही पितळी किंवा तांब्याच्या भांड्यातले. १९८३मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हा संशय जाहीरपणे मांडला गेला. पुढे प्रयोगशाळेत दिसले की दूध पितळेतले तांबे झपाट्याने ओढते आणि ते केसिन या प्रथिनाला चिकटून राहते. ज्या प्रेमाने आईने दूध आटवून पाजले, त्याच दुधातून विष जात होते. हे वाचताना आजही पोटात कालवते, कारण यात त्या माउलीचा काडीइतकाही दोष नव्हता.

मोठी माणसे त्याच पातेल्यातले दूध पिऊन ठणठणीत कशी? जादा तांबे पित्तावाटे बाहेर टाकणे हे यकृताचे काम, आणि तान्ह्या बाळाला ते अजून नीट जमत नाही. शिवाय त्याचे सगळे अन्न म्हणजे तेवढे दूधच. आईच्या दुधात तांबे अगदी थोडे असते.

ऑस्ट्रियातल्या टायरॉलमध्येही हेच घडले होते. तिथे तांब्याच्या भांड्यात गाईचे दूध उकळून बाळांना देत. १९०० ते १९७४ या काळात १३८ बाळे दगावल्याची नोंद १९९६मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच आली. ‘इंडियन’ हे विशेषण तेव्हापासून अपुरे पडले.

पुण्यात पेनिसिलामाइन हे तांबे बाहेर काढणारे औषध देऊन पाहिले. कावीळ दिसण्याआधी सुरुवात झाली तर काही मुले वाचली. खरा फरक पडला तो मात्र स्वयंपाकघरात. स्टीलची पातेली आली, पितळ माळ्यावर गेले आणि हे रुग्ण जवळपास दिसेनासे झाले.

एक प्रश्न उरला. एकाच पातेल्यातले दूध पिऊन एक भावंड आजारी पडे, दुसरे नाही. म्हणजे रक्तातही काही असावे. पण ते जनुक हाती लागण्याआधीच आजार ओसरला.