‘मिटवून टाकू’ म्हटल्यानं मिटत नाही

अपघातात माणूस दगावला की चालकाच्या घरचे वकिलाच्या आधी कुणा ‘जाणकारा’ला फोन लावतात. त्याचा सल्ला ठरलेला असतो: समोरच्यांना काहीतरी देऊन मिटवून टाकू.

मिटत नाही. हयगयीनं मृत्यू घडवण्याचं जुनं ३०४-अ कलम १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेत १०६(१) झालं आणि कमाल शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली, वर दंड. हा गुन्हा तडजोडीनं मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत नाही. खटला सरकार चालवतं; मृताच्या भावानं ‘आमची काही तक्रार नाही’ असं स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं, तरी तेवढ्यानं फाइल बंद होत नाही. पतियाळाच्या एका खटल्यात दोन जीव गेले होते. ८५ हजार रुपये भरपाई दिली म्हणून हायकोर्टानं आरोपीची शिक्षा भोगलेल्या २४ दिवसांवर आणली. सुप्रीम कोर्टानं २०१५ साली ती सहा महिने केली. पैसे भरले म्हणजे शिक्षेची सूट विकत घेतली, असं होत नाही.

‘त्याला तर लगेच जामीन मिळाला, सुटला की!’ हेही नेहमीचंच. १०६(१) जामीनपात्र आहे, त्यामुळे जामीन हा आरोपीचा हक्कच. खटला मात्र पुढे वर्षानुवर्षं चालतो.

मग काहींना जामीन का मिळत नाही? कारण पोलीस तिथे सदोष मनुष्यवधाचं कलम १०५ लावतात. ते अजामीनपात्र आहे आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते. फरक मृतांच्या आकड्यात नसतो. आपल्या कृत्यानं माणूस मरू शकतो, हे चालकाला ठाऊक होतं का, यावर सगळं ठरतं. नोव्हेंबर २००६मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर दारूच्या नशेत चालवलेली गाडी फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गेली. सात जण मेले. सत्र न्यायालयानं हयगय मानून सहा महिने दिले होते. मुंबई हायकोर्टानं तोच प्रकार सदोष मनुष्यवध ठरवून तीन वर्षं दिली आणि २०१२मध्ये सुप्रीम कोर्टानं ती कायम केली. सात जिवांना तीन वर्षं कमीच, असं माझं मत. पण त्या निकालानं वाट घालून दिली.

उलट बाजूही आहे. आपल्याकडच्या फिर्यादींत एक वाक्य जवळजवळ छापील असतं: ‘भरधाव वेगात, हयगयीने, अविचाराने, रहदारीच्या नियमांकडे दुर्लक्ष करून’. नुसतं ‘भरधाव’ लिहिल्यानं गुन्हा शाबीत होत नाही, हे सुप्रीम कोर्टानं १९९८ सालीच सांगितलंय. पंचनामा, ब्रेकच्या खुणा, साक्षीदार, सीसीटीव्ही यांवर खटला उभा राहतो. ‘मोठ्या गाडीवाल्याचीच चूक’ असा कायदा कुठेच नाही.

पळून गेल्यास दहा वर्षं, हे तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलं असेल. ते कलम १०६(२). जानेवारी २०२४मध्ये ट्रकचालकांनी संप केला आणि संहिता लागू करताना सरकारनं हे पोटकलम वगळलं. म्हणून पळायला मोकळीक मिळाली, असं मात्र नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ जखमीला उपचार मिळवून द्यायला सांगतं. जमाव अंगावर आला तर तिथून निघणं समजण्यासारखं, पण मग जवळच्या पोलीस ठाण्यात लवकरात लवकर, फार तर २४ तासांत, खबर द्यावीच लागते.

विम्याचं थोडक्यात. थर्ड पार्टी विमा भरपाईचे पैसे देतो, तुरुंगवास भोगत नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातला क्लेम फौजदारी खटल्याहून वेगळा चालतो. तिकडे निर्दोष सुटलात तरी इकडे भरपाई द्यावी लागू शकते. लायसन्स नसलेल्याच्या हाती गाडी दिली असेल, तर कंपनीनं आधी वारसांना पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश बरेचदा होतो.

राहिला ‘पोरगा अल्पवयीन आहे, त्याला काय होणार?’ हा प्रश्न. मे २०२४मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात अल्पवयीन मुलानं केलेल्या जीवघेण्या अपघातानंतर त्याला लिहायला सांगितलेला ‘तीनशे शब्दांचा निबंध’ ही शिक्षाच, असा समज पसरला. ती जामिनाची अट होती. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम १९९-अ थेट पालकाला किंवा गाडीमालकाला धरतं: तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द. आपल्या नकळत गाडी नेली, हे सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावरच. पोराला वयाची पंचविशी होईपर्यंत लायसन्सही मिळत नाही.