पहिल्या वर्षाचा खेळाडू: उतरवावा की थांबवावा?
अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये नवख्या खेळाडूला पहिला हंगाम केवळ सरावापुरता ठेवण्याला ‘रेडशर्ट’ म्हणतात. तेथे परंपरेने पाच वर्षांत चार हंगाम खेळता येत असल्याने ते वर्ष वाया जात नाही, आणि 2018 च्या नियमाने चार सामने खेळूनही ते शाबूत राहू लागले. भिवंडीतील, मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात प्रवेश घेतलेल्या कबड्डीपटूला मात्र हा हिशेब लागू पडत नाही, कारण आंतरविद्यापीठ स्पर्धेची पात्रता वयाशी बांधलेली असते आणि बाकावर बसल्याने वय थांबत नाही. प्रश्न उरतो तो अंगाचा: कनिष्ठ गटाच्या 70 किलोंच्या मर्यादेत वाढलेल्या चढाईपटूचा घोटा थोराड कोपरारक्षकाने पकडला, तर निसटण्याइतकी ताकद त्याच्यात हवी. म्हणून त्याला वर्षभर बसवण्यापेक्षा राखीव ठेवून, सामना हातात असताना मोजक्या चढाया देणेच श्रेयस्कर.